पोस्टरात गाडी कुठाय?

रेल्वेवेड्या लोकांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकाराला नुसत्या हॉर्नवरून इंजिन कुठलं ते कळतं. दुसऱ्याला इंजिनातलं ओ का ठो कळत नाही, पण खिडकी मिळाली की झालं. मी दुसऱ्या प्रकारातला. आणि गेली काही वर्षं माझं हे वेड खिडकीवरून भिंतीवर सरकलंय. म्हणजे जुन्या रेल्वे पोस्टरांवर. साधारण १९०० ते १९४० च्या काळात युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी "अमुक गावाला या, आणि आमच्याच गाडीने या" असं सांगायला जी पोस्टरं छापून स्टेशनांवर लावली, ती.

हल्ली ती सगळीकडे दिसतात. कॅफेच्या भिंतीवर, फ्रिजवरच्या मॅग्नेटवर, लॅपटॉपच्या स्टिकरवर. 'व्हिंटेज' असं लेबल लावलं की कुठलीही जुनी गोष्ट शोभेची होते आणि मग तिच्याकडे कोणी नीट बघत नाही. मला विचाराल तर ही पोस्टरं शोभेची नव्हतीच. ती पोटापाण्याची होती. गाडी रिकामी धावली तरी कोळसा जवळजवळ तेवढाच जळतो, तेव्हा रिकाम्या सीटा भरा, बस्स, एवढीच रिक्वायरमेंट. पण ती ज्या पद्धतीने पुरी केली आहे ते बघून दिवसभर पॉवरपॉइंट बनवणाऱ्या आपल्यासारख्यांनी कान पकडावेत.

सुरुवात एका बेफाम कोळ्यापासून करू. १९०८ साली इंग्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला ईस्टरच्या सुट्टीत लंडनच्या किंग्ज क्रॉसहून स्केगनेस नावाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावाला माणसं न्यायची होती. भाडं तीन शिलिंग. अडचण एकच. उत्तर समुद्रावरून येणारा गार बोचरा वारा तिथे भरपूर, आणि गार वारा खायला पैसे देऊन कोण जाणार? जॉन हॅसल नावाच्या चित्रकाराने काय केलं, तर तो वाराच विकायला काढला. एक जाडजूड कोळी, पायात गमबूट, गळ्यात मफलर, तोंडात पाइप, आणि गडी वाळूवर चक्क उड्या मारत चाललाय. सोबत एकच ओळ, जिचा अर्थ साधारण असा, की स्केगनेसची हवा म्हणजे काय तरतरी येते हो! त्यातला 'सो' मोठ्या अक्षरांत. बग हेच फीचर आहे असं क्लायंटला पटवून देण्याचं इतकं जुनं आणि इतकं यशस्वी उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही. :-)

हॅसलला या चित्राचे बारा गिनी मिळाले. आणि खरी गंमत पुढे आहे. चित्र काढलं तेव्हा त्याने स्केगनेस बघितलेलंच नव्हतं. तो तिथे पहिल्यांदा गेला १९३६ साली, तोवर त्याचा कोळी गावाची ओळख होऊन बसला होता. आज गावात त्या कोळ्याचा पुतळा आहे. न बघितलेल्या गावाचं चित्र गावापेक्षा खरं ठरलं! ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण माझा खरा हिरो हॅसल नाही, टॉम पर्व्हिस. १९२३ साली ब्रिटनमधल्या बहुतेक सगळ्या रेल्वे कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या केल्या गेल्या. त्यातली एक लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वे. तिच्या जाहिरातखात्याचा प्रमुख होता विल्यम टीझडेल. त्याने काही निवडक चित्रकारांना करारावर बांधून घेतलं (पर्व्हिस, फ्रँक न्यूबोल्ड, फ्रेड टेलर, ऑस्टिन कूपर, फ्रँक मेसन) आणि मग एक अशी गोष्ट केली जी आजच्या कुठल्याही मॅनेजरला जमणार नाही. विषय दिला आणि बाजूला झाला. "लोगो जरा मोठा कर" नाही, "ह्या कोपऱ्यात आपली टॅगलाइन बसेल का" नाही. त्याच्यानंतर आलेल्या सेसिल डँड्रिजने १९२९ मध्ये सगळ्या कंपनीसाठी गिल सॅन्स हा एकच टाइप ठरवून टाकला. वेळापत्रकात तोच, पोस्टरवर तोच, इंजिनाच्या नावाच्या पाटीवरही तोच. आपण आत्ता 'डिझाइन सिस्टिम' म्हणून ज्याच्यावर तीन-तीन तास मीटिंगा घेतो ना, ती ही!

आता पर्व्हिस. १९३१ साली त्याने 'ईस्ट कोस्ट जॉइज' नावाची सहा पोस्टरांची मालिका केली. प्रत्येक पोस्टर सुटं लावलं तरी पूर्ण. सहाही शेजारी शेजारी लावली की समुद्रकिनाऱ्याचा एकच सलग देखावा. या पोस्टरांत रेघ नाही. म्हणजे शब्दशः नाही. आपल्याला शाळेत चित्र काढायला शिकवतात तेव्हा आधी आउटलाइन आणि मग रंग. पर्व्हिस आउटलाइन काढतच नाही. एक सपाट रंग संपतो आणि दुसरा सपाट रंग सुरू होतो, आणि त्या शिवेवर आपोआप खांदा तयार होतो, गुडघा तयार होतो. शेडिंग जवळपास शून्य. चेहऱ्यावर नाकडोळे काढायच्या फंदात तो बऱ्याचदा पडत नाही. तरी बघणाऱ्याला पक्कं कळतं की ही बाई उन्हात सुखाने डोळे मिटून पडली आहे. ते डोळे तुम्ही काढलेत, पर्व्हिसने नाही.

हे नुसतं कलाकाराचं लहरीपण नव्हे. ही पोस्टरं लिथोग्राफीने छापायची. तेल आणि पाणी मिसळत नाहीत, एवढ्या एका तत्त्वावर हे सगळं तंत्र उभं आहे. दगडावर (किंवा नंतर जस्ताच्या पत्र्यावर) तेलकट शाईने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, मग छपाईची शाई फक्त चित्रालाच चिकटते. पण एका दगडावर एकच रंग. पाच रंग हवेत तर पाच दगड, आणि तोच कागद पाच वेळा, केसभरही न हलता, त्याच जागी छापायचा. म्हणजे प्रत्येक रंगाला पैसे पडतात, वेळ लागतो आणि घोळाची एक नवीन शक्यता तयार होते. त्यात ही पोस्टरं बघायची कुठून, तर प्लॅटफॉर्मवरून. मोठ्या आकाराचं पोस्टर ५० बाय ४० इंच, बऱ्याचदा रुळांच्या पलीकडे, आणि बघणाऱ्याच्या एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पोर, आणि गाडी सुटायच्या बेतात. आठ-दहा सेकंद मिळाले तर नशीब. बजेट कमी, बँडविड्थ कमी, युजर घाईत. अशा वेळी पर्व्हिसने जे केलं ते म्हणजे उत्तम कॉम्प्रेशन. काय टाकलं तरी चालेल हे ज्याला कळलं तो जिंकला.

हे पटत नसेल तर शेजारच्या कंपनीकडे बघा. लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२४ साली नॉर्मन विल्किन्सनच्या पुढाकाराने रॉयल अकॅडमीच्या मोठमोठ्या चित्रकारांकडून पोस्टरं करून घेतली. (हा विल्किन्सन म्हणजे पहिल्या महायुद्धात जहाजांवर झेब्र्यासारखे पट्टे रंगवून पाणबुड्यांना गंडवण्याची कल्पना काढणारा. भारी माणूस.) चित्रं सुंदरच होती. पण ती चित्रं होती, पोस्टरं नव्हती. ढगांतल्या छटा, पाण्यातली प्रतिबिंबं... हे सगळं गॅलरीत बाकावर बसून बघायचं. धावत्या माणसाच्या ते कधी नजरेत भरायचं? माझं हे मत अनेकांना पटत नाही, पण मी बदलणार नाही.

आणि मग फ्रान्समधला कासान्द्र. खरं नाव अदोल्फ मुरों, जन्म १९०१, खार्किवमधला. १९२७ साली त्याने फ्रान्सच्या उत्तरेकडच्या रेल्वेसाठी दोन पोस्टरं केली, 'नॉर एक्सप्रेस' आणि 'एत्वाल द्यु नॉर' म्हणजे उत्तरेचा तारा. पहिल्यात निदान इंजिन तरी आहे, जमिनीला डोळा लावून बघितल्यासारखं अवाढव्य. दुसऱ्यात फक्त रूळ. पायाशी पसरलेले आणि दूर क्षितिजावर एका बिंदूत मिटणारे. आणि तिथे एक तारा. संपलं.

या दुसऱ्या पोस्टरची प्रिंट मी घरी लावली तेव्हा माझ्या फ्लॅटमेटने बराच वेळ बघून विचारलं, "पोस्टरात गाडी कुठाय?"

"तू रुळात उभा आहेस. गाडी तुझ्या मागून येतेय."

"मग मी मेलोच की!"

"किंवा तू इंजिनाच्या पुढे बसलायस."

तो पाच मिनिटं गप्प होता. माझ्या मते फ्रेमचे पैसे तिथेच वसूल झाले. गाडीची जाहिरात, आणि गाडी नाही, स्टेशन नाही, हसरं जोडपं नाही. फक्त जायची ओढ तेवढी आहे. कासान्द्र म्हणायचा की पोस्टरवाल्याचं काम तारमास्तरासारखं असतं. तार त्याची नसते, त्याने ती फक्त चोख पोचवायची. स्वतःला इतकं कमी लेखणाऱ्या माणसाने केलेलं काम शंभर वर्षांनी पुण्यातल्या एका वन-बीएचकेच्या भिंतीवर लटकतंय.

हे झालं तिकडचं. मग आपल्याकडे काय?

तंत्र तर आपल्याकडे होतंच, तेही रुळांच्या अगदी शेजारी. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत लिथोग्राफीचा छापखाना काढला आणि काही वर्षांत तो हलवला मळवलीला. तेच मळवली, जिथे आपण लोणावळा लोकलने उतरून लोहगड-विसापूरला जातो. तिथून छापून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांतल्या देव्हाऱ्यांत पोचल्या. रविवर्म्याची रीत पर्व्हिसच्या नेमकी उलटी. चित्र तैलरंगासारखं दिसायला हवं, म्हणून रंगावर रंग, दगडावर दगड. साडीच्या काठाची जर चमकली पाहिजे आणि मोत्याचं तेजही दिसलं पाहिजे. देवघरात ते योग्यच. तिथे बघणारा घाईत नसतो.

रेल्वेची पोस्टरंही आपल्याकडे निघाली. १९२५ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, सरकारने चालवायला घेतली. 'इंडियन स्टेट रेल्वेज'च्या नावाने 'व्हिजिट इंडिया'ची पोस्टरं विलायतेत आणि अमेरिकेत लावली जायची. इंटरनेटवर ती सहज सापडतील. हत्ती, महाल, घाट, सरोवर, संध्याकाळचं केशरी आकाश. काही फारच देखणी आहेत, खोटं कशाला बोलू. रंगांची तीच समज आणि तीच काटकसर.

पण इथे माझं गाडं अडतं. इंग्लंडच्या पोस्टरातला माणूस आणि ते पोस्टर बघणारा माणूस एकच आहे. लंडनमधला कारकून तीन शिलिंग देऊन स्केगनेसला जाणार, म्हणून पोस्टरवर त्याच्यासारखाच कोणीतरी उड्या मारतोय. 'व्हिजिट इंडिया'च्या पोस्टरात भारतीय माणूस आहे, पण तो प्रवासी नाही. तो देखावा आहे. हत्तीवर बसलेला, नाहीतर डोक्यावर घडा घेतलेला. गाडीत बसणारा कोणी वेगळाच, आणि तो चित्राच्या बाहेर, पाकिटात पाउंड घेऊन उभा. प्रत्यक्षात त्या काळी रेल्वेचे बहुसंख्य प्रवासी तिसऱ्या वर्गाचे, आणि प्रवासी भाड्याचं बहुतेक उत्पन्नही त्यांच्याच खिशातून यायचं. त्यांचे हाल काय होते ते गांधींनी १९१७ साली एक छोटी पुस्तिकाच लिहून सांगितलं होतं. तो तिसरा वर्ग पोस्टरात शोधून दाखवा.

आता आपली डेक्कन क्वीन घ्या. तिच्यासारखी पोस्टरला लायक गाडी आपल्याकडे दुसरी झाली नाही. नावच बघा ना! १ जून १९३० ला जीआयपीने ती मुंबई-पुणे सुरू केली. सात-सात डब्यांचे दोन रेक, एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या; दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. पर्व्हिसला दोन रंगात काम झालं असतं. पण तारीख परत वाचा. मिठाचा सत्याग्रह चालू आहे, गांधींना ५ मेला अटक झालीय, २१ मेला धारासणेला लाठ्या बसल्यात. आणि ह्याच जीआयपीच्या लायनीवर पुण्याच्या पुढे सोलापूर त्या दिवशी मार्शल लॉ खाली आहे. त्या धामधुमीतल्या खटल्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी दिलं. चंदेरी-लाल गाडी मात्र वीकेंडच्या पाहुण्यांना घेऊन घाट चढत होती. तिच्यात पहिला आणि दुसरा असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा डबा लागला जून १९५५ मध्ये. पंचवीस वर्षांनी, स्वराज्य येऊनही आठ वर्षं झाल्यावर!

तर मग ही पोस्टरं कचऱ्यात टाकायची का? एका मित्राचं तेच म्हणणं आहे ("गोऱ्यांच्या जाहिराती भिंतीवर लावून कसलं कौतुक करतोस?"). दुसरा एक डिझाइनर आहे, तो म्हणतो चित्र बघ, राजकारण सोड. मला दोघांचंही पटत नाही. पर्व्हिसची रेघ वगळणं आणि 'व्हिजिट इंडिया'ने प्रवासी वगळणं, दोन्हीकडे हत्यार एकच आहे, वगळण्याचं. तीच धार, तोच हात. म्हणूनच चित्र किती कुशल आहे ते कळल्याशिवाय त्याने काय लपवलं तेही नीट कळत नाही. गबाळ्या पोस्टरला काही लपवता येत नाही, कारण त्याने सगळंच कोंबलेलं असतं. देखण्या पोस्टरपुढे मी आता जरा जास्त वेळ उभा राहतो आणि दोन याद्या करतो. एकीत टाकलेला कचरा, दुसरीत टाकलेली माणसं. हॅसलच्या पोस्टरात दुसरी यादी रिकामी येते. तो गावाला गेला नव्हता हे खरं, पण गाडीत बसणाऱ्या माणसाला तो ओळखत होता.

आणि आज? परवा सिग्नलला उभा असताना एका पर्यटनाच्या होर्डिंगवरच्या वस्तू मोजल्या. सिग्नल मोठा होता. अकरा फोटो, चार लोगो, दोन नेते, एक क्यूआर कोड, हॅशटॅग, आणि मध्ये कुठेतरी, श्वास कोंडलेला, एक किल्ला. कुठला ते हिरवा लागेपर्यंत कळलं नाही. यात कोणाला वगळलं म्हणून भांडायची सोयच नाही, सगळे हजर आहेत! आपल्याला हे जमत नाही असंही नाही. १९४६ साली मुंबईत बॉबी कूका आणि जे. वॉल्टर थॉम्प्सनचा चित्रकार उमेश राव यांनी एअर इंडियाचा महाराजा काढला. मिश्या, पगडी, वाकून नमस्कार. आणि तो महाराजा पुढे स्वतःचीच टिंगल करत जगभर हिंडला. पोस्टरात देखावा म्हणून बसवलेला भारतीय तिथे पहिल्यांदा प्रवासाला निघाला असं मला वाटतं. पण ते विमानाचं. रेल्वेच्या वाट्याला असा कोणी आला नाही. तिच्याकडे सूचना पुष्कळ आहेत, थुंकू नका, रूळ ओलांडू नका, पायदानावर उभे राहू नका... "या" असं प्रेमाने म्हणणारं चित्र मात्र मला तरी आठवत नाही.

मला विचाराल (कोणी विचारलेलं नाही, पण ब्लॉग माझा आहे), तर सुरुवात कोकण रेल्वेपासून करावी. रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल, ६४ मीटर उंच. पुलाचे खांब काळे, दरी हिरवी, वरचं सगळं आभाळ पावसाचं करडं. चौथा रंग नको. पण गाडी लांबून मुंगीएवढी दाखवायची नाही, ते फार सोपं आहे. पोस्टरच्या पुढ्यातच जनरल डब्याची खिडकी. आत गणपतीला गावी निघालेले चाकरमानी, मांडीवर पोर, पायाशी पिशव्या, एका बाईच्या मांडीवर नव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी, जे ती कोणाला हात लावू देत नाहीये. नाकडोळे नकोत. अक्षरं एकाच ओळीत, एकाच टाइपात, कोपऱ्यात. आणि नेता नाही, लोगो एकच, तोही छोटा.

कोणी चित्रकार वाचत असेल तर कळवा. बारा गिनी देईन. गिनी कुठे मिळते ते मात्र आधी शोधावं लागेल.